‘लागू नाही’च्या रकान्यात काय काय जातं

मोतीबिंदूच्या तपासणीत बाबांच्या डोळ्यांत थेंब टाकून झाले आणि मग सिस्टरने आमच्या हातात फॉर्म दिला. क्रम बघा हं. बाहुली मोठी करणारे थेंब आधी, ज्यांच्यानंतर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं अक्षर फिस्कटतं, आणि त्यानंतर बारीक टायपातले चौदा प्रश्न. साहजिकच फॉर्म माझ्याकडे आला. बाबा डोळे मिटून खुर्चीत आणि मी पेन घेऊन शेजारी.

पेपर वाचताना त्रास होतो का? बाबा गेलं वर्षभर पेपर हातातच घेत नाहीत, बातम्या ऐकतात, मग काय, ‘लागू नाही’. रात्री गाडी चालवताना? काढतच नाहीत रात्री. लागू नाही. हाताचं बारीक काम? एके काळी बंद पडलेली घड्याळं उघडून बसायचे, डोळ्याला भिंग लावून, तासन्‌तास, पण तो नाद सुटला. लागू नाही. जिने-पायऱ्या? आधी ‘थोडा त्रास’वर टिक केली, मग वाटलं अगं तो तर गुडघ्यांचा प्रॉब्लेम, डोळ्यांचा कुठे, म्हणून खोडलं आणि तेही लागू नाही. पत्ते आणि मैदानी खेळ हे दोन मात्र खरोखरच लागू नव्हते. उरले आठ. त्यातल्या सहांना पैकीच्या पैकी चार, दोघांना तीन.

हा फॉर्म व्हीएफ-१४ नावाने ओळखला जातो. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि मोतीबिंदूच्या पेशंटला रोजच्या जगण्यात डोळे किती साथ देतात हे मोजायला बऱ्याच देशांत वापरला गेला. हिशोब एकदम सोपा आहे, प्रत्येक उत्तराला शून्य ते चार मार्क, सगळ्यांची सरासरी काढायची आणि पंचवीसने गुणायचं. ‘लागू नाही’ वाले प्रश्न सरासरीत धरतच नाहीत. म्हणजे बाबांचे आठ प्रश्नांत तीस मार्क, सरासरी पावणेचार, शंभरपैकी जवळपास ९४. झकास! आता तेच चार प्रश्न, जे मी लागू नाही म्हणून उडवले, त्यातल्या तिघांना ‘दिसत नाही म्हणून करत नाही’ आणि जिन्याला तो आधीचा ‘थोडा त्रास’ असं खरं उत्तर दिलं असतं तर तीन शून्यं आणि एक तीन पडला असता, तेहतीस भागिले बारा, पावणेतीन, म्हणजे जवळपास ६९. माणूस तोच, डोळे तेच, खुर्चीसुद्धा तीच. तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, नंतर वाचत गेले तसं कळलं आणि अक्षरशः डोक्याला हात लावला.

मला म्हणायचंय ते एवढंच, की मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी करायचं आणि ते झाल्यावर यशस्वी झालं का, हे दोन्ही भिंतीवरच्या तक्त्यावरून ठरवणं आता बंद व्हायला हवं, माणसाला रोज काय जमतं ते मोजायलाच हवं, पण ते मोजताना ‘काय जमतं’च्या आधी ‘काय सोडून दिलं’ हे विचारलं नाही तर तो फॉर्मसुद्धा तक्त्याइतकाच आंधळा ठरतो.

आधी तक्त्याचं बोलू. हर्मन स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये तो आणला. वर एक मोठं अक्षर, खाली खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. सहा मीटरवरून जी ओळ सर्वसाधारण डोळ्याला वाचता यायला हवी ती वाचली की ६/६. त्या ओळीतलं अक्षर जेमतेम नऊ मिलिमीटर उंच असतं. ६/१२ म्हणजे बाकीच्यांना जे बारा मीटरवरून दिसतं ते तुम्हाला सहावरून. कल्पना भारीच आहे, दीडशेहून जास्त वर्षं टिकलीये ती काही उगाच नाही. पण त्यात मोजलं काय जातं? कुट्ट काळं अक्षर, पांढराशुभ्र कागद किंवा पेटलेला स्क्रीन, अंधाऱ्या खोलीत, एक डोळा झाकून, डोळ्यावर त्याच क्षणी बसवलेला बरोबर नंबर, आणि समोर काहीही हलत नाहीये. असा प्रसंग दिवसभरात आपल्यावर कितीदा येतो? मला तर एकही आठवत नाही. आपण दोन्ही डोळ्यांनी बघतो, चार वर्षांपूर्वीचा चष्मा लावून, आणि समोर जे असतं ते करड्यावर करडं असतं. सिमेंटच्या पायरीची कड सिमेंटचीच. खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा. काळ्या पँटवरचा काळा टाका.

आणि मोतीबिंदू नेमका इथेच छळतो. डोळ्यातली लेन्स गढूळ होते म्हणजे उजेड नुसता अडत नाही, तो आत पसरतो. ओल्या, ओरखडे पडलेल्या काचेतून समोरच्या गाडीचे हेडलाइट बघितलेत ना, तसं. काळ्या-पांढऱ्यातला फरक मोठा असेल तर थोडं धुकं पडूनही अक्षर कळतं, पण मुळातच फिक्या गोष्टी त्या धुक्यात विरघळून जातात. शिवाय मोतीबिंदू काही एकाच प्रकारचा नसतो. लेन्सच्या मधल्या गाभ्यात झाला तर लांबचं धूसर होतं, रंग पिवळट-तपकिरी होतात आणि गंमत म्हणजे कधीकधी चष्म्याशिवाय वाचता यायला लागतं, लोक खूश होतात की नजर सुधारली! लेन्सच्या मागच्या आवरणाला लागून झाला, डॉक्टर ज्याला पीएससी म्हणतात, तर डाग ऐन मधोमध बसतो. अंधारात बाहुली मोठी असते तेव्हा उजेड डागाच्या कडेकडेने आत जातो आणि बरं दिसतं. उन्हात गेलं की बाहुली आकसते, मग सगळा उजेड त्या डागातूनच. वाचताना पण बाहुली लहान होते.

बाबांचा हाच होता. म्हणजे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत ६/९, आणि भर दुपारी अंगणात सख्खा भाऊ समोर उभा राहिला तरी आवाज येईपर्यंत ओळखेनात. डॉक्टर म्हणाले, “काका, ६/९ आहे, छान आहे, सहा महिन्यांनी बघू.” बाबा घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले छान आहे म्हणून. आम्हीही निश्चिंत.

चार महिन्यांनी ते शेवटच्या पायरीवर चुकले. दुपारचीच वेळ, ऊन चटचटीत. पायरी आहे असं त्यांना दिसलंच नाही, पाय थेट हवेत. हाड मोडलं नाही हे नशीब. दुसऱ्या ठिकाणी दाखवलं तेव्हा तिथल्या डॉक्टर बाईंनी तोच तक्ता वाचायला लावला, परत ६/९, मग त्यांनी डोळ्याच्या बाजूला एक टॉर्च धरला आणि म्हणाल्या, आता वाचा. बाबा गप्प. मग चाचपडत वरच्या ओळीवर गेले, मग आणखी वरच्या. ६/२४. मी तिथे उभी होते आणि मला लाज वाटली, कारण वर्षभर मी ‘बाबा, जरा नीट बघून चालत जा ना’ असं म्हणत होते.

टॉर्चची ती टेस्ट करायला मिनिटभर लागलं असेल. फिकी अक्षरं ओळखायची टेस्टही अशीच आहे, १९८८ मध्ये पेली आणि रॉबसन यांनी तक्ता बनवला ज्यात सगळी अक्षरं एकाच मापाची, मोठ्ठी, पण तीन-तीनच्या गटाने फिकी होत जाणारी, शेवटची तर कागदातच मिसळलेली. एक मीटरवर उभं राहून वाचायचं. पाच मिनिटांचं काम. आणि हे काही कौतुकाचे प्रयोग नाहीत, वयस्कर ड्रायव्हर्सच्या अभ्यासांत अपघातांशी जास्त संबंध दिसला तो फिकं ओळखण्याच्या क्षमतेचा. २००२ साली अमेरिकेत आलेल्या एका अभ्यासात मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलेल्यांचे अपघात न करून घेतलेल्यांच्या जवळपास निम्मे निघाले. (तिथे कोण ऑपरेशन करणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, तेव्हा थोडं जपून.) पण चिठ्ठ्या टाकूनही झालंय. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या ३०६ बायकांपैकी काहींचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरात केलं आणि बाकीच्यांना नेहमीच्या रांगेत वर्षभर थांबवलं, २००५ मध्ये निकाल आला, लवकर ऑपरेशन झालेल्यांच्या पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी. हे वाचल्यावर ‘छान आहे, सहा महिन्यांनी बघू’ हे वाक्य मला वेगळंच ऐकू यायला लागलं.

आता कुणी म्हणेल, आकडा हवाच ना? ऑपरेशनच्या रांगा असतात, कुणाला आधी घ्यायचं हे कशावर तरी ठरवावं लागणार, आणि ‘मला त्रास होतो’ काय, कुणीही म्हणेल. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मोतीबिंदूमुळे नजर अधू झालेले जगात सुमारे ९.४ कोटी लोक आहेत, त्यातल्या कितीतरी जणांना बोटंसुद्धा मोजता येत नसतील, त्यांच्यापुढे ६/९ वाल्याची तक्रार म्हणजे चैन वाटू शकते. पण रांगेत मागे राहणं वेगळं आणि तुम्ही रांगेतच नाही असं सांगणं वेगळं. बाबांना दुसरं सांगितलं गेलं. इंग्लंडमध्ये नाइस ही संस्था उपचारांचे नियम ठरवते, तिने २०१७ मध्ये सरळ लिहून टाकलं की केवळ तक्त्यावरच्या आकड्यावरून मोतीबिंदूचं ऑपरेशन नाकारू नका. का? तर ऑपरेशनचे पैसे मंजूर करणाऱ्यांना खर्च वाचवायला एक सोयीची रेघ मिळाली होती, अमुक ओळ वाचली की बाहेर. आकडा पक्का दिसतो म्हणून तो न्याय्य असतो असं थोडंच आहे.

आणि खोटं बोलण्याचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. वयस्कर माणसं त्रास वाढवून कमी सांगतात आणि लपवून जास्त. बाबांनी तक्त्याची एक ओळ पाठ केली होती! आधीच्या पेशंटने मोठ्याने वाचली ती बाहेर बसून ऐकलेली. शाळेतल्या परीक्षेसारखं, नापास व्हायचं नाही. विचारलं तर म्हणाले, “अगं, वाचता आली नाही तर ते लगेच कापतील म्हणतील.” भीती होती, सरळ आहे. त्यात ‘अजून पिकला नाही’ हे जुनं वाक्य मदतीला. पिकायची वाट बघायचे दिवस कधीच गेले, उलट फार कडक झालेली लेन्स काढणं अवघड जातं, पण ते वाक्य काही जात नाही.

लपवणं पण जाणूनबुजून असतं असं नाही, हे मला फार उशिरा समजलं. नजर एका रात्रीत जात नाही ना. थोडी थोडी जाते, आणि माणूस थोडं थोडं आवरतं घेतो, आणि प्रत्येक वेळी त्याला एक चांगलं कारण सापडतं. रात्री कशाला बाहेर पडायचं, काय काम असतं. पेपरात हल्ली असतं काय वाचण्यासारखं. घड्याळं आता कोण दुरुस्त करतं, नवीनच घेतात. गुडघे दुखतात. हे बहाणे नव्हेत, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. घरच्यांनाही पटतं कारण वयाला शोभतं. मग फॉर्म येतो, विचारतो पेपर वाचताना त्रास होतो का, आणि सगळे म्हणतात छे, ते वाचतच नाहीत.

म्हणून प्रश्नावल्यांच्या भक्तांशीही माझं थोडं भांडण आहे. व्हीएफ-१४ आला तेव्हा तो मोठा बदल होता, त्या अभ्यासातच दिसलं होतं की पेशंट स्वतःच्या नजरेबद्दल किती समाधानी आहे याच्याशी तक्त्यापेक्षा या चौदा प्रश्नांचा मेळ जास्त बसतो. नंतर त्यातल्या त्रुटीही निघाल्या. सुईत दोरा ओवता न येणं आणि समोरच्याचा चेहरा न ओळखणं या दोन्हीला सारखेच मार्क कसे? पहिलं अवघड काम, तिथे पुष्कळ जण अडखळतील, दुसऱ्यात अडखळलात म्हणजे प्रकरण गंभीर. ही पट्टी म्हणजे जिच्यावरच्या रेघा सारख्या अंतरावर नाहीत अशी फूटपट्टी. त्यावर गणिती उपाय निघाला, गेओर्ग राश या डॅनिश गणितज्ञाच्या नावाची पद्धत, प्रत्येक प्रश्न किती सोपा-अवघड हे आधी शोधायचं आणि त्याप्रमाणे रेघा मारायच्या. स्वीडनमधली कॅटक्वेस्ट प्रश्नावली २००९ मध्ये अशीच गाळून नऊ प्रश्नांवर आणली, सात रोजच्या कामांचे आणि दोन एकूण त्रास आणि समाधानाचे. भारतात पण ३३ प्रश्नांची एक बनलीये, कारण गाडी चालवण्याचे प्रश्न ज्याने कधी गाडीच चालवली नाही त्याला विचारून काय उपयोग. हे सगळं चांगलंच आहे. पण गणित कितीही चोख केलंत तरी जो प्रश्न रिकामा सुटला त्यात ते काय भरणार.

मला विचाराल तर ‘लागू नाही’ हा पर्याय एकटा ठेवूच नये. त्याच्यापुढे एकच ओळ हवी: शेवटचं कधी केलं होतं? कधीच नाही, तर खरंच लागू नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत करत होते, तर थांबा, का सोडलं ते विचारा, आणि पहिल्या उत्तरावर समाधान मानू नका. दुसरं म्हणजे फॉर्म थेंबांच्या आधी द्या हो! आणि पेशंटला द्या, नाहीतर वाचून दाखवा, मुलाला-मुलीला भरायला सांगू नका. आम्ही आमच्या सोयीचं लिहितो. शक्य असेल तर विचारण्यापेक्षा करूनच बघावं, औषधाच्या बाटलीवरचं लेबल हातात द्यावं आणि किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघावं, असं मोजण्याच्या पद्धती संशोधनात आहेतच. प्रत्येक ठिकाणी जमणार नाही, मान्य. टॉर्च तर जमेल?

याची दुसरी बाजू पण आहे, जी सोयीस्करपणे विसरली जाते. रोजच्या कामांबद्दल विचारणं म्हणजे जास्त ऑपरेशनं असंच काही नाही. साठीनंतर लेन्समध्ये थोडा गढूळपणा बहुतेकांच्या सापडतो, ज्याला काहीच अडत नाही त्याला ‘मोतीबिंदू आहे, काढून टाकू’ म्हणणारेही आहेत, आणि ऑपरेशन कितीही सुरक्षित झालं असलं तरी जंतुसंसर्गासारखी गुंतागुंत क्वचित का होईना होतेच. अशा वेळी ‘तुमचं काय अडतंय?’ हा प्रश्न पेशंटलाच वाचवतो. आणि नुसता फॉर्म भरून कारण कळत नाही हेही खरं, काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल तर उत्तरं तशीच येतील आणि लेन्स बदलून काही होणार नाही. डोळा आतून तपासायला पर्याय नाही, असं कुणी म्हणतही नाहीये.

ऑपरेशननंतरचं तर विचारूच नका. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत सगळ्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत परिणामकारक मोतीबिंदू ऑपरेशनांची व्याप्ती ३० टक्के-बिंदूंनी वाढवायची. नुसती ऑपरेशनं मोजण्यापेक्षा ‘परिणामकारक’ मोजणं किती चांगलं, पण परिणामकारक म्हणजे काय तर ऑपरेशननंतर ६/१२ किंवा त्याहून बरी नजर. परत तक्ताच. आयुष्यभर चष्मा काढून जवळचं वाचणाऱ्या बाईला लांबच्या नंबरची लेन्स बसवली, तक्त्यावर ६/६ आलं, तिला मात्र आता चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही. रजिस्टरमध्ये यश, घरी कुरकुर. दोघंही खरं बोलतायत. कॅटक्वेस्टचे ते नऊ प्रश्न तीन महिन्यांनी परत विचारले तरच हे कळतं, आणि ऑपरेशनच्या आधी विचारले असते तर कदाचित लेन्सचा नंबरच वेगळा निवडला गेला असता.

बाबांचं त्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. गुडघे आहेत तसेच आहेत, पण जिना ते आता कठड्याला हात न लावता उतरतात. घड्याळं अजून बाहेर काढलेली नाहीत, दुसरा डोळा झाल्यावर बघू म्हणतात. परवा मी त्या दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीसाठी जुनी फाइल शोधत होते तर तो पहिला फॉर्म सापडला, ९४ वाला, बिलाच्या मागे स्टेपल केलेला. वर कुणाची सही नाही, कोपऱ्यात मार्कांची बेरीजही केलेली नाही, म्हणजे त्या दिवशी डॉक्टरांनी ‘छान आहे’ म्हटलं ते नुसत्या ६/९ वरच, हा कागद त्यांच्या टेबलापर्यंत गेलाच नव्हता. ऑपरेशननंतर परत भरायला कुणी दिलाही नाही.